‘एल्डर स्क्रोल्स ६’ची वाट कशी बघायची: नवख्यांसाठी, परभणीहून

परवा दुकानात गर्दी असतानाच एक पोरगा नीटचा फॉर्म भरायला आला. त्याचा फोटो नियमात बसत नव्हता. तो लहान करत बसलो होतो, तेवढ्यात त्याची नजर माझ्या स्क्रीनवरच्या वॉलपेपरवर गेली. हळूच म्हणाला, “दादा, सहावा भाग कधी यायलाय? त्याच्यासाठीच पीसी घ्यायलोय. सोयाबीनचे पैसे आलेत, पप्पा तयार झालेत.”

मी माऊस सोडला आणि त्याला स्टूल पुढं केलं. मागं रांगेत सातबारावाले आजोबा होते, ते वैतागले. वैतागू देत.

माझं परभणीत ऑनलाईन फॉर्म भरायचं दुकान आहे. पीक विमा, परीक्षेचे अर्ज, उत्पन्नाचे दाखले, हेच दिवसभर. रात्री शटर खाली ओढलं की मी स्कायरिमच्या बर्फात असतो, हे गिऱ्हाइकांना माहीत नसतं. ‘एल्डर स्क्रोल्स’ ही तलवारी, जादू आणि ड्रॅगनच्या कॉम्प्युटर गेमची मालिका, ‘स्कायरिम’ तिचा पाचवा भाग. सहाव्याची वाट मी २०१८ पासून बघतोय आणि या वाट बघण्यात जेवढ्या चुका करता येतात तेवढ्या करून झाल्यात. त्या पोराला जे सांगितलं तेच इथं क्रमानं लिहितो. सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगून टाकतो: ज्या गेमला तारीख नाही, त्या गेमसाठी आज मशीन घ्यायचं नाही. तोवर आहे त्या मशीनवर जुने भाग खेळायचे. एवढं पटलं असेल तर पुढचं वाचा. नसेल पटलं तर सरळ नऊ नंबरवर जा, तिथं माझं झालेलं नुकसान लिहिलंय.

१. नक्की माहीत काय आहे?

फार थोडं. बेथेस्डा गेम स्टुडिओज या अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यातल्या कंपनीनं जून २०१८ मध्ये ई-थ्री या गेमच्या प्रदर्शनाच्या कार्यक्रमात ३६ सेकंदांचा एक व्हिडिओ दाखवला. डोंगर, मागं समुद्राचा किनारा, वर ढग, ओळखीचं संगीत आणि शेवटी नाव. बास. आपल्याकडं तेव्हा ११ तारखेची सकाळ होती, मृग नुकताच लागला होता. मी तो व्हिडिओ सातव्यांदा लावला तेव्हा आई चहा ठेवता ठेवता मोबाईलमध्ये डोकावली. “काय बघायलास रे येवढं? नुस्ते डोंगरच हायेत की.”

आईचं बरोबर होतं.

त्यानंतरच्या खात्रीच्या गोष्टी बोटावर मोजण्याइतक्या. मार्च २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टनं बेथेस्डाची मूळ कंपनी झेनीमॅक्स ७.५ अब्ज डॉलरला घेतली. हा गेम कंपनीच्या स्वतःच्या क्रिएशन इंजिनावर बनणार (इंजिन म्हणजे गेम ज्यावर उभा राहतो तो सॉफ्टवेअरचा सांगाडा), त्यांचा ‘स्टारफील्ड’ हा गेम ज्यावर बनला त्याच घराण्यातल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये काम प्राथमिक तयारीच्या पुढं सरकल्याचं कंपनीनं सांगितलं. मार्च २०२४ मध्ये मालिकेला ३० वर्षं झाली, तेव्हा आपण गेमच्या सुरुवातीच्या आवृत्त्या खेळून बघतोय असंही लिहिलं. आणखी एक गोड गोष्ट म्हणजे शर्ली करी. ‘स्कायरिम’ खेळतानाचे व्हिडिओ टाकणाऱ्या या अमेरिकन आजी. सहाव्या भागात त्यांच्या नावाचं एक पात्र असेल, असं कंपनीनं २०१९ मध्ये जाहीर केलं.

हे लिहितोय तेव्हा तारीख जाहीर झालेली नाही आणि गोष्ट कुठल्या प्रांतात घडते तेही नाही. त्यामुळं कुणी “हॅमरफेल फिक्स आहे” म्हणालं तर मान डोलवा, पैज लावू नका.

२. कागदपत्रं

सवयीनं ‘कागदपत्रं’ म्हणालो. दुकानात माणूस फॉर्म भरायला येतो आणि आधारला लिंक असलेला मोबाईल घरी विसरून येतो. तसं इथं नको. बसण्याआधी एवढं जवळ ठेवा:

– स्वतःचा ईमेल. नेट कॅफेवाल्यानं किंवा मित्रानं काढून दिलेला नाही, स्वतःचा. पासवर्ड वहीत लिहून ठेवला तरी चालेल, पण वही घरात हवी.
– कायम राहणारा मोबाईल नंबर. ऑफर संपली की सिम फेकणाऱ्यांनी आधी एक नंबर पक्का करावा.
– यूपीआय. वय कमी असेल तर आईचं किंवा वडिलांचं, त्यांना विचारून.
– विंडोज १० किंवा ११ असलेला कॉम्प्युटर. गेम आपण स्टीम या ऑनलाईन दुकानातून घेणार, आणि विंडोज ७ आणि ८ वर स्टीमचं सपोर्ट १ जानेवारी २०२४ पासून बंद आहे. आपल्याकडच्या निम्म्या जुन्या डेस्कटॉपची गाडी इथंच अडते.
– किमान ८ जीबी रॅम आणि २० जीबी मोकळी जागा. एसएसडी, म्हणजे नवी जलद डिस्क, असेल तर सोन्याहून पिवळं.
– माऊस. टचपॅडवर तलवार चालत नाही.

३. मशीन तपासा

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल, त्यात परफॉर्मन्सवर क्लिक करा. मेमरी किती, डिस्क एसएसडी आहे का, जीपीयूचं म्हणजे ग्राफिक्सचं नाव काय, ही तीन उत्तरं कागदावर लिहा.

‘स्कायरिम स्पेशल एडिशन’ला ८ जीबी रॅम, १२ जीबी जागा आणि जीटीएक्स ४७० सारखं म्हातारं कार्ड पुरतं. लॅपटॉपमध्ये वेगळं कार्ड नसेल तरी घाबरू नका. रायझनमधलं वेगा किंवा इंटेलचं आयरिस एक्सई असेल तर रिझोल्यूशन ७२० वर आणून, सावल्या सगळ्यात खाली ओढून आणि गॉडरेज (उन्हाच्या तिरिपी दाखवणारा पर्याय) बंद करून गेम चालतो. त्याहून जुनं इंटेल ग्राफिक्स असेल तर ओढूनताणून चालतो, बैलगाडीला ट्रॅक्टरमागं बांधल्यासारखा, पण चालतो.

इथं पैसे खर्च करण्याची एकच जागा आहे. लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल आणि रॅमची एकच पट्टी असेल, तर तेवढ्याच क्षमतेची दुसरी पट्टी टाका. आतलं ग्राफिक्स रॅमच वापरतं, दोन पट्ट्या झाल्या की त्याला दोन वाटा मिळतात आणि फरक डोळ्यांना दिसतो. हार्डडिस्कच्या जागी एसएसडी हा दुसरा खर्च. हे दोन्ही अभ्यासाला आणि फॉर्म भरायलाही उपयोगी पडतात, त्यामुळं घरी सांगताना खोटं बोलावं लागत नाही.

४. खातं, खरेदी, डाउनलोड

स्टीमचं खातं काढताना देश भारत ठेवा. किंमत रुपयांत दिसते, यूपीआय चालतं. स्टीम गार्ड, म्हणजे खात्याचं दुसरं कुलूप, लगेच सुरू करा. मग ‘स्कायरिम स्पेशल एडिशन’ विशलिस्टमध्ये टाका आणि थांबा. जूनअखेर आणि डिसेंबरअखेर मोठे सेल लागतात, अधूनमधून छोटेही असतात. या गेमवर अनेकदा ७५ टक्क्यांपर्यंत सूट मिळते. पूर्ण किमतीला घेणारा माणूस एकतर श्रीमंत असतो किंवा घाईत.

‘अ‍ॅनिव्हर्सरी एडिशन’ नावाचं महाग पॅकेज शेजारीच दिसेल. पहिल्यांदा खेळणाऱ्याला त्याची गरज नाही.

घेतल्यावर चाललंच नाही तर? खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर स्टीम पैसे परत देतं. म्हणून पहिला अर्धा तास फक्त तपासणीचा समजा. मशीन तापतं का, आवाज तुटतो का, एवढंच बघा. मी पहिल्या वेळी पात्राचं नाक नीट करण्यातच पाऊण तास घालवला होता. तो पाऊण तासही मोजला जातो बरं का.

डाउनलोड १२ जीबीच्या आसपास. रोजचा दीड जीबी डेटा असेल तर आठ दिवस. स्टीम मध्येच थांबवता येतं आणि तिथूनच पुढं सुरू होतं, त्यामुळं हे होऊ शकतं. पण गावाकडं रेंज एकाच खिडकीत येत असेल, तर ज्या मित्राकडं फायबर आहे त्याच्याकडं लॅपटॉप घेऊन जा आणि रात्रभर लावून ठेवा. त्याच्या आईला चहाची भुकटी न्यायला विसरू नका.

आता सापळे. टेलिग्रामवर आणि इन्स्टाग्रामवर शंभर-दोनशे रुपयांत गेम देणारे असतात. ते गेम देत नाहीत, कुणाच्या तरी खात्याचा पासवर्ड देतात. एकच खातं पन्नास जणांना विकलेलं असतं. एके दिवशी पासवर्ड बदलतो, तुमचं सेव्हही गेलं आणि पैसेही. दुसरा सापळा, “माझ्या टीमला वोट कर” म्हणून मित्राच्याच नावानं येणारी लिंक. तिथं स्टीमचा पासवर्ड टाकला की पुढची तीच लिंक तुमच्या नावानं जाते. तिसरा नव्यानं निघालाय: ‘एल्डर स्क्रोल्स ६ बीटा’ किंवा त्याची मोबाईलवरची एपीके. असं काही नाही. जो गेम कंपनीनं अजून नीट दाखवलासुद्धा नाही, तो तुमच्या मोबाईलवर कुठून येईल? बाकी, ओटीपी कुणाला द्यायचा नसतो हे मी दिवसातून वीस वेळा शेतकऱ्यांना सांगतो. त्यांची पोरं मात्र गेमच्या नादात देऊन मोकळी होतात.

५. पहिले दहा तास

इथं जरा बसून बोलू, कारण नवखे गेम सोडतात ते इथंच.

पहिली अडचण भाषेची. गेममध्ये मराठी नाही, हिंदीही नाही. मी स्वतः मराठी माध्यमाचा, पहिल्या दिवशी मला गाडीवानाचं निम्मं बोलणं कळलं नव्हतं. सेटिंगमध्ये जाऊन सबटायटल्सचे दोन्ही पर्याय सुरू करा, संवादांचा आणि बाकीच्यांचा. बोलणं वाचता आलं की अर्धं काम झालं. काही शब्द पुन्हा पुन्हा येतात, ते आपल्या हिशेबानं लक्षात ठेवा. होल्ड म्हणजे जिल्हा. मराठवाड्याचे आठ, स्कायरिमचे नऊ. जार्ल म्हणजे त्या जिल्ह्याचा धनी. स्टुअर्ड म्हणजे त्याचा कारभारी, आणि आपल्यासारखंच, खरं काम कारभाऱ्याकडंच होतं. अल्केमी म्हणजे जडीबुटी. स्मिथिंग म्हणजे लोहारकाम.

सुरुवातीला हात बांधून गाडीत घालून नेतात. तिथून सुटलात की पहिलं गाव रिव्हरवुड. त्या गावात थांबा. लोहाराकडं काम शिका, दुकानदाराशी बोला. त्याचा सोन्याचा पंजा चोरीला गेलाय, तो आणायचं काम घ्या. डोंगरावरच्या त्या भुयारात एक दगडी दार लागतं, तीन चकत्या फिरवून उघडायचं. शंभरातले नव्वद जण इथं व्हिडिओ शोधतात. शोधू नका. पिशवी उघडा, पंजा निवडा आणि तो फिरवून त्याचा तळवा बघा. पुढं सांगत नाही.

दुसरी गोष्ट, हात आवरा. सुरुवातीला ३०० वजन उचलता येतं. आपली सवय अशी की घरात दोरीचा तुकडाही टाकायचा नाही, “लागंल कधीतरी.” मी पहिल्या गुहेतनं चमचे, बादल्या, तीन झाडू आणि एक गोबी उचलून आणली होती. वजन वर गेलं की माणूस पळत नाही, लग्नाच्या जेवणानंतर चालल्यासारखा चालतो. वजनाला हलकं आणि किमतीला भारी तेवढंच घ्या.

तिसरी गोष्ट राक्षस. माळावर दोन पुरुष उंचीचे, शांतपणे फिरणारे, सोबत मॅमथ चरत असलेले राक्षस दिसतील. ते आपणहून काही करत नाहीत. जवळ जाऊ नका. ज्या पोराचं वर सांगितलं त्याला मी हे मुद्दाम सांगितलं नव्हतं. आठ दिवसांनी दुकानात आला, चेहरा उजळलेला. “दादा, त्यानं सोट्यानं असं हाणलं ना, मी डायरेक्ट आभाळात! ढगापस्तोर गेलो!” ते आभाळात उडणं गेमच्या हिशेबातली गडबड म्हणून सुरू झालं आणि लोकांना इतकं आवडलं की तसंच राहिलं.

मुख्य गोष्टीच्या मागं लागायची घाई करू नका. व्हाईटरन शहराच्या जार्लच्या जादूगाराला दगडी पाटी नेऊन देईपर्यंत मोकाट ड्रॅगन येत नाहीत. तोवर रानात निवांत फिरता येतं, आणि खरं सांगू, माझे सगळ्यात चांगले तास तेच होते.

६. लाईट आणि ऊन

हा भाग पुण्या-मुंबईच्या व्हिडिओंत सापडणार नाही.

एफ५ दाबलं की सेव्ह होतं, एफ९ दाबलं की परत येतं. ही सवय हाताला लागू द्या. पण एकट्या क्विकसेव्हवर विसंबू नका. सेव्ह होत असतानाच लाईट गेली तर ती फाईल खराब होऊ शकते, आणि आपल्याकडं लाईट सांगून जात नाही. मेनूतून दर तासाला एक वेगळं सेव्ह करा. ऑटोसेव्हचे पर्यायही सुरू ठेवा: झोपल्यावर, थांबल्यावर, प्रवास केल्यावर.

लॅपटॉपवाल्यांची बॅटरी हाच त्यांचा यूपीएस. डेस्कटॉपवाल्यांसाठी एक गोष्ट सांगतो जी मला तीन वर्षं कुणी सांगितली नाही. घरच्या इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर असूनही लाईट गेली की तो रीस्टार्ट व्हायचा. मी इन्व्हर्टरला शिव्या घालायचो. एकदा वायरमन दुसऱ्याच कामाला आला होता, त्यानं इन्व्हर्टर फिरवला आणि मागचं एक छोटं बटण दाखवलं. बऱ्याच इन्व्हर्टरना तिथं यूपीएस मोडचा स्विच असतो. तो मोड बंद असला तर बॅटरीवर जायला जो क्षण लागतो तेवढ्यात कॉम्प्युटर बंद पडतो. स्विच सरकवला, पुन्हा कधी रीस्टार्ट झाला नाही. तुमच्याकडं असेल तर आधी बघा, मगच नवा यूपीएस घ्या.

एप्रिल-मेमध्ये दुपारी खेळू नका. बाहेर ४२ असताना लॅपटॉपचा पंखा गरम हवाच आत ओढतो. मशीन स्वतःला वाचवायला वेग कमी करतं आणि आपण गेमला नावं ठेवतो. कूलर चालू असलेल्या खोलीत खेळत असाल तर कॉम्प्युटर कूलरच्या थेट झोतात ठेवू नका, त्या हवेत पाणी असतं. रात्री दहानंतर खिडकी उघडून बसा. लॅपटॉपखाली दोन पुस्तकं ठेवून मागची बाजू वर उचला. स्पर्धा परीक्षेची जाड पुस्तकं यासाठी फार चांगली.

७. मॉड कधी?

मॉड म्हणजे खेळणाऱ्यांनीच बनवलेली, गेममध्ये बदल करणारी जोड. पहिल्यांदा खेळताना नाहीच. ‘अनऑफिशियल पॅच’ हा चुका दुरुस्त करणारा मॉड तेवढा टाका, हवाच असेल तर.

पुढं नेक्सस मॉड्स या मॉडच्या साईटवर खातं काढाल तेव्हा दोन नियम. एक, एकदा टाकलेला मॉड चालू सेव्हच्या मधूनच काढायचा नाही. भिंतीतली वीट काढल्यासारखं होतं. दोन, काही मॉडना लागणारं एसकेएसई नावाचं साधन वापरणार असाल तर त्याची आवृत्ती गेमच्या आवृत्तीशी जुळलीच पाहिजे. स्टीमनं रात्रीत गेम अपडेट केला की सकाळी काहीच उघडत नाही. गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ‘मी उघडेन तेव्हाच अपडेट कर’ असा पर्याय निवडा आणि गेम एसकेएसईच्या फाईलनंच सुरू करा. सेव्हच्या फाईली डॉक्युमेंट्समधल्या ‘माय गेम्स’ फोल्डरात असतात, महिन्यातून एकदा पेनड्राईव्हवर घ्या.

८. मागचे भाग

‘स्कायरिम’ ११ नोव्हेंबर २०११ ला आला, मालिकेतला पाचवा. त्याआधी १९९४ चा ‘अरीना’, १९९६ चा ‘डॅगरफॉल’, २००२ चा ‘मोरोविंड’ आणि २००६ चा ‘ऑब्लिव्हियन’. गोष्टी वेगवेगळ्या आहेत, क्रमानं खेळायची सक्ती नाही. पहिले दोन स्टीमवर फुकट मिळतात. नुसती उत्सुकता म्हणून अर्धा तास बघा, ‘अरीना’ आज खेळणं म्हणजे शिक्षा आहे.

मशीन अगदीच गरीब असेल तर ‘मोरोविंड’ घ्या. हा माझा लाडका, आणि आपल्याकडच्या माणसाला तो पटकन कळतो असं माझं मत आहे. त्यात नकाशावर बाण नाही. लोक तोंडी पत्ता सांगतात: नदीच्या कडेनं वर जा, पूल लागला की डावीकडं, मोठा दगड दिसला की त्याच्या मागं. मानवत रोडला उतरून एखाद्या वस्तीचा पत्ता विचारा, याच भाषेत सांगतील. “त्या लिंबापासनं आत वळा.” आणि दोन्हीकडं पत्ता सांगणारा कधीकधी चुकतो. ओपनएमडब्ल्यू हे फुकट इंजिन टाकलंत तर नव्या विंडोजवर तो नीट चालतो.

‘ऑब्लिव्हियन’ची नवी आवृत्ती २२ एप्रिल २०२५ ला आली. आधी तारीख नाही, जाहिरात नाही. ज्या दिवशी दाखवली त्याच दिवशी विकायला. दिसायला देखणी, पण तिला १६ जीबी रॅम, जीटीएक्स १०७० टीआयच्या तोडीचं कार्ड आणि १२५ जीबी जागा लागते. ती नसेल झेपत तर २००६ चीच घ्या, जुन्या लॅपटॉपवरही पळते.

९. मशीन कधी घ्यायचं

आता माझी गोष्ट. तो ३६ सेकंदांचा व्हिडिओ बघून मला वाटलं, गेम दोन वर्षांत येणार. पैसे साठवले आणि मुंबईला जाणाऱ्या एका मित्राला लॅमिंग्टन रोडवरनं सेकंडहँड जीटीएक्स १०६० आणायला सांगितलं. तपोवन एक्सप्रेसनं तो मांडीवर खोका घेऊन आला. कार्ड आधी बिटकॉइनसारखी डिजिटल नाणी खोदायच्या कामाला दिवसरात्र जुंपलेलं होतं, हे आम्हाला उघडल्यावर कळलं. पंख्याला हात लावला की खडखड. विकणाऱ्यानं फोन उचलणं बंद केलं. दुसऱ्या उन्हाळ्यात स्क्रीनवर हिरवे चौकोन आले आणि कार्ड गेलं. त्यानंतरही कितीतरी वर्षं गेली. गेम अजून आलेला नाही. म्हणजे ज्या गेमसाठी कार्ड घेतलं, त्या गेमच्या आधीच कार्डाचं तेरावं झालं.

कंपनी स्वतःच्या तारखा किती पाळते तेही बघा. ‘स्टारफील्ड’साठी त्यांनी ११ नोव्हेंबर २०२२ ही तारीख दिली होती. मे २०२२ मध्ये ती पुढं ढकलली आणि गेम आला ६ सप्टेंबर २०२३ ला. त्यालाही एसएसडी आणि १६ जीबी रॅम सक्तीची होती. सहावा भाग त्याच घराण्यातला, पण पुढच्या काळातला. त्याला याहून कमी लागेल असं समजायला काही आधार नाही. जास्त किती, ते कंपनी सांगेपर्यंत दुकानदार सांगू शकत नाही. “हे घ्या, पुढच्या दहा वर्षांचे गेम चालतील” असं जो म्हणेल त्याला बिलावर तेवढं लिहून मागा.

माझा क्रम असा आहे. तारीख जाहीर होऊ दे. मग मशीनची अधिकृत यादी येऊ दे. मग गेम बाहेर पडू दे आणि आठवडाभर लोकांना खेळू दे. त्यानंतर खरेदी. प्रीऑर्डर अजिबात नाही. डिसेंबर २०२० मध्ये ‘सायबरपंक २०७७’ आधीच पैसे भरून घेणाऱ्यांचं काय झालं ते आठवा. जुन्या कन्सोलवर तो इतका अडखळत होता की सोनीनं तो आपल्या दुकानातूनच काही महिने काढून टाकला. पुढं तो सुधारला, चांगला झाला, पण पहिल्या दिवशी पैसे मोजणाऱ्यानं का सोसायचं? शिवाय ‘स्टारफील्ड’ पहिल्याच दिवशी गेम पासवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या वर्गणीच्या योजनेत, आला होता. इथंही तसं झालं तर महिन्याच्या वर्गणीत बघून ठरवता येईल. कन्सोलचंही हेच: कशावर येणार हे कंपनीच्या तोंडून ऐकल्याशिवाय नाही.

सेकंडहँड कार्ड घ्यायचंच असेल तर ते दुकानात लावून अर्धा तास गेम चालवून बघा. पंख्याचा आवाज ऐका, बिलावर सिरीयल नंबर लिहून घ्या. दुसऱ्याकडनं रेल्वेत मागवू नका.

नीटवाल्या पोरानं शेवटी एक रॅमची पट्टी आणि एक एसएसडी घेतली, जुन्या लॅपटॉपला. उरलेले पैसे पप्पांनी बोअरच्या मोटारीला लावले.

१०. अफवा

सप्टेंबर २०१८ मध्ये झेनीमॅक्सनं ‘रेडफॉल’ या नावाचा ट्रेडमार्क मागितला. झालं, रेडगार्ड लोकांचा प्रांत हॅमरफेल, म्हणजे सहाव्या भागाचं नाव ‘रेडफॉल’. मी स्वतः शपथेवर सांगत फिरलो. २०२१ मध्ये कळलं की तो रक्तपिपासूंना गोळ्या घालायचा वेगळाच गेम आहे, वेगळ्याच स्टुडिओचा. मग २०२० च्या शेवटच्या दिवशी मालिकेच्या अधिकृत खात्यावर एका नकाशाचा फोटो आला, वर मेणबत्त्या ठेवलेल्या. मेणबत्ती कुठल्या प्रांतावर आहे यावर लोकांनी रात्री जागवल्या. मीही. मेणबत्ती ती, कुठंतरी ठेवावीच लागते.

त्यामुळं साधा नियम ठेवा. बेथेस्डाचं आणि एक्सबॉक्सचं अधिकृत चॅनल, एवढ्या दोनच ठिकाणची घंटी सुरू ठेवा. ‘लीक’ लिहिलेल्या व्हिडिओत लाल वर्तुळ आणि बाण असेल तर तो न उघडताच पुढं जा. बेथेस्डाचे प्रमुख टॉड हॉवर्ड यांनी अजून वेळ आहे, धीर धरा असं अनेकदा सांगितलंय. त्यांना बनवायला वेळ आहे तसा आपल्याला खेळायला ‘मोरोविंड’ आहे.

एक्सबॉक्सचा मोठा कार्यक्रम बहुधा जूनमध्ये असतो, मोठं काही असेल तर तिथं कळण्याची शक्यता जास्त. तारीख जाहीर झाली की मला सांगायला दुकानात धावत येऊ नका, मला त्याच मिनिटाला कळलेलं असेल. फक्त त्या दिवशी पीक विम्याची शेवटची तारीख नसू दे.